फिरते घर घेतले, पण टायरची तारीख वाचली का?

कॅराव्हॅनच्या धंद्यात उतरणाऱ्या नव्या मालकांसाठी आणि महामार्गावरील टायर कारागिरांसाठी

मोटारहोम म्हणा, कॅराव्हॅन म्हणा किंवा साध्या भाषेत फिरते घर म्हणा. झोपायला पलंग, स्वयंपाकाला छोटा ओटा, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी घेऊन धावणारी ही गाडी आता आपल्या रस्त्यांवरही दिसू लागली आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. त्याच वर्षी केरळनेही आपले धोरण जाहीर केले. तेव्हापासून ट्रॅव्हल्सच्या धंद्यातील अनेकांचे लक्ष या गाडीकडे वळले आहे. कोणी नवी गाडी बांधून घेतो, कोणी जुनी मिनीबस घेऊन तिच्यावर घर बसवतो आणि भाड्याने देतो.

हा धंदा आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. या गाडीत सुताराचे काम आहे, गादीवाल्याचे आहे, वेल्डरचे आहे, वायरमनचे आहे, पेंटरचे आहे. गाडी रस्त्याला लागली की टायरवाल्याचेही काम निघतेच. त्यामुळे या नव्या गाडीची एक जुनी गोष्ट आज मांडण्याचे आम्ही ठरवले आहे. ती गोष्ट म्हणजे टायर. लाखो रुपयांचे घर ज्या चार-सहा टायरांवर उभे असते, त्यांच्याकडे नवा मालक सर्वांत शेवटी पाहतो, असा आमचा अनुभव आहे.

घारगावच्या अलीकडची दुपार

मे २०२४ मध्ये आम्ही मालेगावच्या एका परिचित व्यावसायिकांबरोबर पुण्याला निघालो होतो. त्यांच्या लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या आहेत. जोडीला म्हणून त्यांनी एक वापरलेली मिनीबस घेऊन तिचे फिरते घर बनवून घेतले होते. गाडीला मागे दोन्ही बाजूंना जोडचाके होती. गाडीत त्यांचे कुटुंब होते. त्यांच्या वृद्ध आई मागच्या पलंगावर पडून होत्या.

संगमनेर सोडले, चंदनापुरी घाट चढून झाला आणि गाडीने सपाटीवर वेग घेतला. घारगावच्या अलीकडे मागच्या बाजूला मोठा स्फोट झाला. गाडी डावीकडे ओढली गेली. सुदैवाने चालक जुना होता. त्याने ब्रेकवर पाय मारला नाही, स्टिअरिंग घट्ट धरले आणि गाडी हळूहळू कडेला घेतली. उतरून पाहिले तर मागचा डावा बाहेरचा टायर फाटून लोंबत होता. त्याच्या सुटलेल्या पट्ट्यांनी चाकावरची प्लायवूडची फळी फोडली होती. त्या भोकापासून दोन वितींवरून चुलीच्या गॅसची नळी गेली होती. आईंचा पलंग त्याच्याच वर होता.

मालकांनी गाडीच्या विम्याबरोबर रस्त्यावरील मदतीचा पर्याय पैसे भरून घेतला होता. त्यांनी त्या क्रमांकावर फोन लावला. गाडीचा नंबर विचारला, जागा विचारली, थांबा म्हणाले. चाळीस मिनिटांनी उलट फोन आला की, आमची सेवा या वजनाच्या गाडीला लागू नाही. उन्हात कुटुंब उभे, शेजारून ट्रक सुसाट जात आहेत, आणि हातात निरुपयोगी कागद. मग कोणीतरी १०३३ ची आठवण करून दिली. महामार्गाची गस्तीची गाडी आली, तिने मागे शंकू लावून जागा सुरक्षित केली. तिच्यातील माणसानेच पुढच्या दुकानातील टायरच्या उस्तादांना फोन केला. ते मोटारसायकलवर एका पोऱ्याला आणि मोठ्या जॅकला घेऊन आले.

गाडीचा स्वतःचा जॅक पलंगाखाली सामानाच्या तळाशी होता. स्टेपनी पाण्याच्या टाकीमागे अडकली होती. ती काढायलाच अर्धा तास गेला. उस्तादांनी फाटलेला टायर उलटसुलट पाहिला आणि मालकांना जवळ बोलावले. टायरच्या बाजूवर चार आकडे होते : १११७.

"शेठ, हा टायर २०१७ सालचा आहे," ते म्हणाले. "नक्षी बघा, निम्म्याहून जास्त शिल्लक. म्हणून तुम्हाला वाटलं चांगला आहे. आतल्या चाकाची हवा मात्र आधीच गेलेली होती. सगळं वजन एकट्या या म्हाताऱ्याने ओढलं."

मालकांनी विचारले, "दुकानात चालू टायर असेल तर टाकून द्या. पैशांचं बघू नका."

उस्ताद म्हणाले, "आहे ना. पण तोही आठ वर्षांचा आहे. अम्मा आत झोपतात, त्यांच्याखाली मी तो टाकणार नाही. आता स्टेपनी आणि आतल्या चाकाचं काम करून देतो. आळेफाट्यापर्यंत हळू न्या आणि तिथे नवे घ्या. पुण्यापर्यंत याच्यावर जाऊ नका."

त्यांनी आतले चाक उतरवून तपासले, व्हॉल्व्ह बदलला, मजुरीचे पैसे घेतले आणि गेले. त्या दिवशी त्यांना वाटेल त्या भावाला जुना टायर विकता आला असता. विचारणारा कोणी नव्हता. पुढे जे लिहीत आहोत त्यातील बराचसा भाग त्या अर्ध्या तासाच्या बोलण्यातून सुरू झाला आणि नंतर आम्ही या धंद्यातील जाणत्या लोकांकडून तो पक्का करून घेतला.

हा टायर झिजून मरत नाही

ट्रकचा, टॅक्सीचा टायर झिजून संपतो. तो गुळगुळीत झाला की कोणालाही कळते. फिरत्या घराचा टायर तसा संपत नाही. ही गाडी वर्षातील बरेच महिने उभी असते. टायर फिरत असताना रबरातील संरक्षक द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात आणि रबराला ऊन व हवेतील ओझोनपासून वाचवतात. गाडी उभी राहिली की हे काम मंदावते. एकाच जागी वजन पडून राहते, रबर कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात. नक्षी मात्र जशीच्या तशी राहते. त्यामुळे मालक फसतो.

आमच्या परिचितांची मिनीबस २०२० च्या टाळेबंदीत आणि त्यानंतरही बराच काळ आवारात उभी होती. त्या काळात उभ्या राहिलेल्या अनेक पर्यटन गाड्या नंतर विकल्या गेल्या. अशी गाडी स्वस्तात मिळते, पण तिच्या टायरचे वय कागदावर नसते. ते टायरवरच वाचावे लागते.

टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. हा आकडा कधी कधी एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आत गेलेली असते. म्हणून गाडीखाली वाकून, बॅटरी मारून पाहावे. जोडचाकांत आतला टायरही पाहावा आणि स्टेपनीही सोडू नये. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही असो, तो काढावा, असा काही नामांकित टायर कंपन्यांचा सल्ला आहे. उभ्या राहणाऱ्या जड गाडीसाठी जाणते लोक सहा-सात वर्षांतच टायर बदलायला सांगतात.

नक्षीचा कायदाही लक्षात असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चारचाकी व त्याहून मोठ्या वाहनाच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. खाचेत तळाशी रबराची छोटी उंचवटी असते. नक्षी झिजून त्या उंचवटीला टेकली की टायरची मुदत संपली. परंतु फिरत्या घराच्या बाबतीत ही उंचवटी दिसण्याच्या कितीतरी आधी टायर म्हातारा झालेला असतो.

वजनाचा हिशोब सुतारापासून सुरू होतो

टायर रस्त्यावर फुटतो, पण त्याची सुरुवात अनेकदा बॉडी बांधणाऱ्याच्या कारखान्यात झालेली असते. हे आमच्या सुतार आणि फर्निचर कारागीर बांधवांनी ध्यानात घ्यावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो वाढले. इन्व्हर्टरची एक मोठी बॅटरी पन्नास किलोंच्या आसपास भरते. १८ मिलिमीटर जाडीची आठ बाय चारची एक प्लायवूडची फळी तीस किलोंच्या वर जाते. घरगुती गॅसची भरलेली टाकीही तीस किलोंच्या घरात. त्यावर एसी, फ्रिज, गाद्या, भांडी आणि माणसे. बसमधील आसने काढून कमी झालेले वजन या सामानाने केव्हाच भरून निघते.

वजन किती वाढले यापेक्षा ते कोठे वाढले हे महत्त्वाचे आहे. टाकी, बॅटऱ्या आणि फ्रिज एकाच बाजूला, मागच्या चाकामागे बसवले, तर एका कोपऱ्यावरचा टायर कायम दबलेला राहतो. म्हणून आराखडा काढतानाच जड वस्तू दोन्ही बाजूंना वाटून, खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये घ्याव्यात. आमच्या परिचितांच्या गाडीत टाकी व बॅटऱ्या दोन्ही डावीकडे मागे होत्या. फुटलाही डावा मागचाच टायर. गाडीचे रूप असे बदलण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते. काम सुरू करण्याआधी आरटीओची रीत पूर्ण करावी. नाहीतर विम्याच्या वेळी कागद उलटतात.

टायर किती वजन पेलतो हे त्याच्यावरच लिहिलेले असते. आकाराच्या पुढे ११३/१११ असे दोन आकडे दिसतात. हे सांकेतिक आकडे आहेत. ११३ म्हणजे ११५० किलो आणि १११ म्हणजे १०९० किलो. पहिला आकडा एकट्या चाकासाठी, दुसरा जोडचाकातील प्रत्येक टायरसाठी. आता हिशोब करा. समजा मागच्या एका बाजूवर १७०० किलो वजन आहे. दोन टायर मिळून प्रत्येकी ८५० किलो सहज पेलतात. आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरच्या एकट्यावर १७०० किलो येतात आणि त्याची ताकद आहे ११५० ची. तो फुटला तर दोष त्याचा नाही. जोडचाकात एक बसला तरी दुसरा गाडी उचलून धरतो. त्यामुळे चालकाला काही कळत नाही. म्हणून जोडचाकांवर नुसती लाथ मारून हवा तपासण्याची सवय सोडावी आणि प्रत्येक टायरला मापक लावावा.

यासाठी एक सोपे काम करा. टाकी भरा, सामान भरा, घरातील माणसे बसवा आणि गाडी भुईकाट्यावर न्या. आधी पुढची चाके, मग मागची, मग पूर्ण गाडी असे तीनदा वजन घ्या. काटेवाला तयार असेल तर एकेका बाजूचेही घ्या. पावती गाडीच्या कागदांत ठेवा. या पावतीशिवाय टायर किती हवेवर चालवायचा हे कोणी सांगू शकत नाही.

हवा थंड असताना, आपल्या मापकाने

टायरच्या बाजूवर लिहिलेला हवेचा मोठा आकडा ही वरची मर्यादा असते. भरायची हवा गाडीच्या तक्त्यावर किंवा पुस्तिकेत असते. गाडीची बॉडी बदलली असेल तर भुईकाट्याची पावती घेऊन टायर कंपनीच्या विक्रेत्याकडून वजनाप्रमाणे हवेचा आकडा घ्यावा.

हवा नेहमी सकाळी, गाडी हलण्याआधी तपासावी. धावल्यावर टायर तापतो आणि हवा वाढते. ६५ पौंडांच्या टायरचे तापमान वीस अंशांनी वाढले तर दाब सुमारे पाच पौंडांनी वाढतो. हे स्वाभाविक आहे. दुपारी ढाब्यावर थांबून "हवा जास्त झाली" म्हणून ती काढणारे लोक आम्ही पाहिले आहेत. सकाळी तोच टायर कमी हवेचा होतो. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकल्याने तापतो, तापल्याने त्याचे थर सुटू लागतात. उन्हाळ्यात डांबर तापलेले असते, वेग असतो, वजन असते. टायर फुटण्याला एवढे पुरे असते.

नायट्रोजनबद्दलही लोक विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. नायट्रोजन भरल्याने नुकसान नाही, पण तो भरला म्हणून तपासणी सोडली तर नुकसान नक्की आहे.

व्हॉल्व्ह ही छोटी वस्तू आहे, पण त्या दुपारी सगळा घोळ तिच्यापासूनच सुरू झाला होता. मोटारीला लावतात तो ओढून बसवायचा साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पौंडांपर्यंतच्या कामाचा असतो. त्याहून जास्त हवेच्या टायरला जास्त दाबाचा किंवा धातूचा व्हॉल्व्ह लागतो. टायर बदलताना व्हॉल्व्हही नवा घालावा आणि त्याची टोपी कधीही विसरू नये.

गाडी दोन-चार महिने उभी करायची असेल तर हवा पूर्ण ठेवा, टायरवर ऊन पडणार नाही असे कापड लावा, चाकांखाली लाकडी फळ्या घाला, महिन्यातून एकदा तरी गाडी थोडी चालवून आणा. टायर चमकवण्यासाठी पेट्रोल किंवा डिझेल मिसळलेले काहीही लावू नका. चमक येते, पण रबर खराब होते.

अमेरिकेतील एक दाखला

मोटारहोम हे अमेरिकेतील जुने वाहन. तेथेही हा प्रश्न सुटलेला नव्हता. गुडइयर कंपनी १९९६ ते २००३ या काळात जी १५९ नावाचा टायर बनवत असे. तो मोटारहोमलाही बसवला गेला. तो मुळात शहरातील माल पोहोचवणाऱ्या ट्रकांसाठी आखलेला होता, असा दावा करणाऱ्यांचा आरोप होता. टायर फुटून अपघात झाले, कुटुंबे न्यायालयात गेली. अखेर जून २०२२ मध्ये, तेथील वाहतूक सुरक्षा खात्याच्या चौकशीनंतर, कंपनीने सुमारे १ लाख ७३ हजार टायर परत बोलावले. या टायरांमुळे १९९८ ते २००९ या काळात झालेल्या अपघातांत आठ जण मृत्यू पावले आणि ६९ जखमी झाले, असे खात्याने म्हटले. कंपनीने टायरमध्ये दोष असल्याचे मान्य केले नाही. हवा कमी किंवा वजन जास्त असले की धोका होतो, असे तिचे म्हणणे होते.

यातील एक गोष्ट आमच्या वाचकांनी पाहावी. जो टायर बनणे २००३ मध्ये बंद झाले, तो एकोणीस वर्षांनी परत बोलवावा लागला. कारण मोटारहोम उभे राहते आणि टायर नवा दिसत राहतो. देश कोणताही असो, रबराचा स्वभाव एकच.

मदतीचा कागद आधी वाचा

रस्त्यावरील मदत ही सेवा वाहन कंपन्या, विमा कंपन्या आणि खाजगी संस्था देतात. सेवा चांगली आहे, पण बहुतेक योजना लहान मोटारी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. पैसे भरण्याआधी पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

१) माझ्या गाडीचे वजन, लांबी आणि उंची तुमच्या मर्यादेत बसते का?
२) गाडी भाड्याने चालते. व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला सेवा मिळते का?
३) गाडीचे रूप बदलले आहे. ती नोंद पॉलिसीवर चढली आहे का?
४) गाडी ओढून नेण्याची मर्यादा किती किलोमीटर? वर्षातून किती वेळा?
५) टायर बदलण्याची मजुरीच मिळते की टायरही? (टायरची किंमत बहुधा आपल्यालाच भरावी लागते.)
६) घाट, आडगाव आणि कच्चा रस्ता येथे माणूस येतो का? रात्री येतो का?

याशिवाय काही क्रमांक चालकाच्या समोर चिकटवून ठेवावेत. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे आहेत. त्यांचे मदत क्रमांक वेगळे असतात. ते प्रवेशाच्या नाक्यावर फलकावरून लिहून घ्यावेत.

रस्त्यावर टायर गेला तर

टायर फुटला की ब्रेकवर जोरात पाय मारू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरावे, वेग आपोआप उतरू द्यावा, मग कडेला घ्यावे. रिम खराब झाली तरी चालेल, पण वळणावर किंवा पुलावर थांबू नये. गाडीतील सर्वांना उतरवून कठड्याच्या पलीकडे उभे करावे. सावलीसाठी म्हणून कोणालाही गाडीत किंवा गाडीमागे बसू देऊ नये. किमान पन्नास मीटर मागे त्रिकोण ठेवावा. द्रुतगती मार्गावर तो आणखी मागे न्यावा. तेथे वाहतुकीच्या बाजूचे चाक स्वतः बदलण्याचे धाडस करू नये. गस्तीच्या गाडीची वाट पाहावी.

जॅक लावण्याआधी हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि जॅकखाली जाड फळी घालावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जॅक, पाना आणि स्टेपनी एका मिनिटात हाताला लागतील अशीच ठेवावीत. २०२० च्या नियमबदलानंतर काही लहान गाड्यांना हवेचा इशारा देणारे यंत्र व दुरुस्तीचे सामान असेल तर स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. पण बाजू फाटलेला टायर त्या सामानाने सांधला जात नाही. फिरत्या घराने स्टेपनी बरोबर ठेवावीच, असे आमचे मत आहे.

चाक बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटरवर पुन्हा एकदा तपासावेत.

टायर कारागीर बांधवांसाठी

आता दुकानावरच्या बांधवांसाठी. ही नवी गाडी तुमच्याकडे येईल तेव्हा तिचा मालक बहुधा काहीच जाणत नसेल. तो तुमच्या शब्दावर चालेल. म्हणून चार गोष्टी.

पहिली, तुमचा जीव. कमी हवेवर धावून आलेल्या मोठ्या टायरला तसाच कॉम्प्रेसर लावू नका. ठरलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेला टायर आतून तुटलेला असू शकतो. हवा भरताना त्याची बाजू चेनसारखी उघडते आणि समोरचा माणूस वाचत नाही. असा टायर आधी रिमवरून उतरवा, आतून बोट फिरवून पाहा, मगच हवा भरा. लॉक रिंगच्या चाकाला आणि मोठ्या टायरला लोखंडी पिंजरा वापरा, लांब नळी आणि अडकवायचे तोंड वापरा, स्वतः बाजूला उभे राहा. पोऱ्याला कधीही चाकासमोर बसवू नका. पिंजऱ्याला पैसे लागतात, पण ते एकदाच लागतात.

दुसरी, काम. बाहेरून खोचलेली दोरी ही पुढच्या दुकानापर्यंतची सोय आहे. पक्के काम म्हणजे टायर उतरवून, आतून तपासून मशरूम पॅच लावणे. तेही फक्त नक्षीच्या भागात आणि लहान छिद्राला, म्हणजे या गाड्यांत साधारण सहा मिलिमीटरपर्यंत. बाजूच्या भिंतीला पॅच नाही. रिमोल्ड टायर पुढच्या चाकाला नाही.

तिसरी, कागद. पावतीवर टायरचा चार आकडी क्रमांक लिहा. ग्राहकाला तो दाखवून वाचायला शिकवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, हेही सांगा. नवा टायर आता तितका महाग राहिलेला नाही, हे ऐकून जुना टायर ओढत राहणारा ग्राहक विचार करेल.

चौथी, धंदा. विमा कंपन्यांची माणसे जेथे पोहोचत नाहीत, तेथे तुम्ही आहात. एका रस्त्यावरील चार-पाच दुकानदारांनी एकत्र येऊन रात्रीची पाळी ठरवली, दरपत्रक छापले, जड गाडीचा जॅक व दोन-तीन मापांचे ताजे टायर सामाईक ठेवले, तर रस्त्यावरील मदतीची खरी सेवा उभी राहील. हॉटेलवाले आणि पेट्रोल पंपवाले तुमचे कार्ड आनंदाने लावतील.

पंक्चरवाला हा शब्द हिणवण्यासाठी वापरणारे लोक आहेत. आमच्या परिचितांच्या आईंना त्या शब्दाचा अर्थ विचारला तर त्या वेगळाच सांगतील. घारगावच्या त्या दुपारनंतर त्यांच्या घरच्या तीन गाड्यांचे टायर त्या उस्तादांच्याच सल्ल्याने घेतले गेले. आपला जुना माल विकला नाही म्हणून त्यांचा धंदा बुडाला नाही. उलट तीन गाड्यांचे गिऱ्हाईक मिळाले.

ज्या वाचकांनी नुकतीच अशी गाडी घेतली आहे त्यांना एवढेच सांगणे आहे. पुढच्या प्रवासाआधी बॅटरी घेऊन गाडीखाली वाका आणि प्रत्येक टायरवरचे चार आकडे वहीत उतरवा. आतला टायर आणि स्टेपनी विसरू नका. आकडे जुने निघाले तर पडद्यांचे आणि गाद्यांचे पैसे थोडे मागे ठेवा. आधी टायर घ्या.